करंट गेला की

आमच्या वडगावच्या गल्लीत
सकाळी सातला माग सुरू होतात
आणि मग कुणी कुणाला हाक मारत नाही.
हात करायचा, नाहीतर खांद्याला शिवायचं.
मी लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर
वाटायचं, सासरचे सगळे रागावलेत.

रेवण या आवाजातच आला.
पोटात होता तेव्हा मी कांड्या भरत बसायची,
भिंतीपलीकडे चार माग.
भिंत तरी कसली, एक पत्रा.

अंगणवाडीच्या कार्डावर चित्रं आहेत.
पहिल्यात बाळ मान धरतं.
धरली, जरा उशिरा, दिवाळी ओलांडून.
मग पालथं पडतं. मग बसतं,
त्याच्या हातात गुलाबी खुळखुळा.
आमचा बसला तो साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून.
एक दिवस व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठा उचलून घेऊन गेला
तरी हा तसाच,
टेकल्यासारखा,
कशालाच न टेकता.

चित्रांखालची अक्षरं कन्नड.
गंगव्वा टीचर वाचतात, मला मराठीत विचारतात,
मी मान हलवते, त्या टिक करतात.

एकच घर रिकामं राहिलं.
आवाजाकडे वळतो काय?
त्यांनी टाळी वाजवली, किल्ल्यांचा जुडगा हलवला,
ताटावर पळी आपटली.
रेवण त्यांच्या साडीचा काठ बघत होता.
सातव्या महिन्यात तेच, नवव्यात तेच.
अकराव्यात त्यांनी पेन खाली ठेवलं.
सिव्हिलला दाखवून या गे एकदा, चिठ्ठी देते.
मी नवऱ्याला सांगितलं.
तो म्हणाला, काय?
मी परत सांगितलं.
म्हणाला, मला तरी कुठं नीट ऐकू येतंय.

चिठ्ठी साखरेच्या डब्यात ठेवली.
रात्री माग थांबत तोवर हा झोपलेला असायचा.
तरी कानाशी तोंड नेऊन नाव घ्यायची,
एकदा हळू, एकदा मोठ्यानं.

करंट तर आमच्यात नेहमीच जातो.
खरं तेव्हा सगळे बाहेर कट्ट्यावर, चहाला,
पोराचं तोंड कोण बघतंय.
त्या मंगळवारी मी त्याला भात भरवत होते.
चारही माग एकदम थांबले.
सगळी गल्ली एकदम.
रेवणचा घास तोंडातच राहिला.
मान वळली, पत्र्याकडे.
मग माझ्याकडे. परत पत्र्याकडे.
खालचा ओठ बाहेर आला आणि असा रडला,
जसं घरातलं कुणी
न सांगता उठून गेलंय.

म्हणजे ऐकत होता.
आम्ही आवाज करकरून बघितलं,
थांबवून कुणी बघितलंच नव्हतं.

तरी चिठ्ठी नेली. तिथल्या पोरीनं
कानात वायर घालून तपासलं, म्हणाली, कान बरे आहेत,
दिवसातून थोडा वेळ त्याला दुसरीकडे ठेवा, बोलणं ऐकू दे.
दुसरीकडे म्हणजे निंगव्वाकडे.
तीन दारं सोडून. तिच्यात माग नाही, ती शेवया करते
आणि करता करता शेवयांशीसुद्धा बोलते.

दीड वर्षाचा झाला, तेव्हाची गोष्ट.
टीचर दारात कार्ड उघडून उभ्या,
तेवढ्यात करंट गेला.
निंगव्वा तिच्या उंबऱ्यातून ओरडली, करंट होतु!
रेवणनं पत्र्याकडे बोट केलं.
होतु, म्हणाला.

निंगव्वा म्हणते, गेलं म्हणाला बघ.
मी म्हणते, होतं म्हणाला.
तो बोट खाली घ्यायलाच तयार नाही.

शब्द किती, कार्ड विचारतं.
टीचरनी आमच्या दोघींकडे बघितलं
आणि एक लिहिला.
भाषेचं घर त्यात नाही.

मग करंट आला. जाताना त्या काहीतरी बोलल्या,
ओठ हलले तेवढे दिसले.
मी हात केला.
माझ्या काखेतून रेवणनंही केला,
मागच्या वर्षीच्या रांगेतलं चित्र आहे ते,
टिक करायचं राहूनच गेलेलं.